आदी तू खा

आई, तुझ्या दहाव्याला कावळा शिवेना.

प्रवरासंगमाच्या घाटावर ऊन चांगलंच चढलं होतं. पिंड मांडून झाले, नानांनी पाणी सोडलं, गुरुजी बाजूला झाले, आणि समोरच्या बाभळीवरचे कावळे नुसते माना वाकड्या करून बघत बसले. संगमावरच्या कावळ्यांना या कामाची सवय असते. शेजारीच कोणा म्हाताऱ्याचा दहावा चालला होता. तिथं मांडायचा अवकाश, कावळा आला आणि शिवून गेला. त्यांची माणसं हातपाय धुऊन जेवणाचं बोलायला लागली. आपली माणसं मात्र उन्हात उभीच्या उभी. पिंडाशेजारी पत्रावळीवर तुझ्या आवडीचं मांडलं होतं: बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, गुळाचा खडा. भाकरीचे काठ वाळून वर आले होते.

मग एकेकाच्या कबुल्या सुरू झाल्या. पहिले नाना पुढं झाले. बायकोशी आयुष्यात कधी बोलले नव्हते एवढ्या मऊ आवाजात माझा बाप म्हणाला, "शोभीचं लगीन औंदा करून टाकतो. तू घोर करू नको." कावळा हलला नाही. मग काकू पदर सावरत म्हणाली, "जाऊबाई, तुमची पोर ती माझी पोर. पोटच्या पोरीवानी बघीन." कावळ्यानं चोच फांदीला घासली. तुझ्या माहेरच्यांनीही काहीबाही कबूल केलं. मी सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होते आणि माझा एकाच्याही शब्दावर विश्वास बसत नव्हता. हा स्वभाव तुझाच. गावात म्हणतातच, शोभीनं तोंडावळा बापाचा घेतला आणि संशय आईचा.

कावळा शिवत नाही म्हणजे गेलेल्या माणसाचं काहीतरी मनात राहिलेलं असतं. तुझं काय राहिलं असेल याचा सगळे विचार करत होते. माझं काय राहिलंय ते कोणी विचारलं नाही. माझं एक भांडण राहिलंय, आई. तू मध्येच उठून गेलीस. मला तुला एवढंच विचारायचं होतं, की इतकी वर्षं तू मला कोण समजत होतीस? लेक? तुझ्यावर बसवलेला पहारा? की घासात विष आहे का ते बघायला पाळलेलं मांजर?

आपलं गाव शिंगणापूर. घरांना चौकटी आहेत, दारं नाहीत. कडी नाही, कुलूप नाही. बाहेरगावचे भाविक शनीला तेल वाहून झालं की आपली घरं बघत हिंडतात, पडदा सारून आत डोकावतात आणि विचारतात, खरंच का हो चोरी होत नाही? नानांचं तेलाचं आणि रुईच्या माळांचं दुकान. दिवसभर ते गिऱ्हाइकांना तेच सांगायचे, इथं चोरी करील त्याला देव बघून घेतो. आणि त्यांच्याच घरात तू, जिला गावातलं प्रत्येक माणूस चोर वाटायचं.

माझी सातवी चालू होती तेव्हा सुरू झालं. आधी तुला वाटलं, कोणीतरी डब्यातलं पीठ काढून नेतंय. मग वाटलं, पिठात काहीतरी मिसळतंय. मग शेजारच्या घरचं नको, काकूच्या हातचं नको, देवाचा प्रसादसुद्धा नको. ज्या गावात कुलूप लावायची कोणाची छाती नाही तिथं तू पिठाच्या डब्याला जुन्या लुगड्याच्या चिंध्या गुंडाळून गाठीवर गाठी मारायचीस. गाव दुखावलं. "शनीच्या गावात ऱ्हाऊन चोरीचा संशय घेती, वक्रदृष्टी पडल न्हाईतर काय," असं बायका पाण्यावर बोलायच्या, आणि मी शाळेतून येताना दिसले की गप्प व्हायच्या. नानांनी आधी अंगारेधुपारे केले. मग नगरच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. गोळ्यांवर तर तुझा सगळ्यात जास्त संशय.

तू एक दिवस उठून निघून जाशील ही नानांना धास्ती होती. दुसऱ्या कुठल्या गावात असतो तर बाहेरून कडी घातली असती आणि विषय संपला असता. आपल्याकडे कडी घालायची म्हणजे देवाशी वैर. कुत्री आत येऊ नयेत म्हणून लोक चौकटीला फळी टेकवून ठेवतात, तेवढी चालते. नानांनी फळी लावून बघितली. तू ती उचललीस आणि नीट चुलीशेजारी नेऊन ठेवलीस, सरपणात. शेवटी काकूनं तोड काढली. म्हणाली, "शोभीला बसवा उंबऱ्यात. तिला तसं बी काय काम हाय?"

आणि मी उंबऱ्यात बसले. शाळेतून आल्यावर, सुट्टीत, सणावाराला, आणि तुझं बिघडलं की शाळा बुडवून. उंबऱ्यावर बसू नये म्हणतात, लक्ष्मी अडते. काकूला तेव्हा लक्ष्मी आठवली नाही. पाठ एका चौकटीला, तळवे दुसऱ्या चौकटीला, मांडीवर पुस्तक. आपल्या घराला दार नव्हतं असं गाव म्हणतं. होतं की. मी होते.

दुसरं माझं काम जेवणाच्या वेळचं. काकू भाकऱ्या थापायला बसली की तू शेजारी जाऊन बसायचीस आणि तव्यावरून उतरलेली पहिली भाकरी उचलायचीस. पहिलीच हवी, कारण दुसरीपर्यंत कोण काय मिसळील याचा नेम नाही. ती माझ्यापुढं सरकवायचीस. "आदी तू खा." मी घास घ्यायचा आणि तू माझ्या तोंडाकडे बघत बसायचीस. चावला का, गिळला का, पाणी प्यायले का. मग म्हणायचीस, "आनिक." अर्धीअधिक भाकरी माझ्या पोटात गेली आणि मी धडधाकट दिसले, की मग तू ताट आपल्याकडे ओढायचीस. काकू हसून म्हणायची, "राजाच्या घरी असं मानूस ठेवत्यात म्हनं. इख असलं तर आदी ते मरतं." ती गमतीनं म्हणायची, मी गमतीनं घेतलं नाही. मला वाटायचं, आणि असतंच इख तर? मी मेले असते आणि तू वाचली असतीस. हे तुला चाललं असतं, आई?

माझ्या दहावीच्या वर्षी संघमित्राताई आल्या. तुझा जिच्यावर विश्वास बसला अशी ही एकटीच बाई. नगरच्या एका कॉलेजात त्या समाजकार्य शिकवायच्या आणि नेवासे तालुक्यात गावोगाव फिरून विचारत होत्या, की घरात कोणी आजारी, अपंग, मनानं बिघडलेलं असेल तर त्याचं सगळं करतं कोण; आणि त्या करणाऱ्यांत शाळेच्या वयाची आणि लग्नाच्या वयाची पोरं किती. अशी पोरं शोधायची आणि त्यांचं काम मोजायचं, हा त्यांचा उद्योग.

त्यांच्यावर पहिला संशय काकूनं घेतला, "ऑपरेशनवाली असंल." दुसरा मी घेतला. माझी खात्री होती की ही बाई तुला पुण्याच्या वेड्यांच्या दवाखान्यात न्यायला आलीय आणि आधी गोड बोलून माहिती काढतेय. मोजायला येणाऱ्याचा मला मुळातच भरवसा नाही. जमीन मोजायला माणूस आला की कोणाचा तरी बांध सरकतो, आणि सोयरे येऊन पोरीला वरपासून खालपर्यंत मोजून गेले की पुढच्या आठवड्यात नकार येतो.

काकूनं त्यांना आडनाव विचारलं. त्यांनी सांगितलं. काकूनं "बरं बरं" म्हणून मान डोलावली आणि चहा करायला गेली. चहा आला तो दोन तऱ्हेचा. आपल्याला बशीसकट कप, आणि ताईंना कान तुटलेला एक कप, जो एरवी गोठ्याच्या कोनाड्यात पडलेला असायचा. ताईंनी कपाकडे बघितलं, काकूकडे बघितलं, आणि तो उचलला. तेवढ्यात तू पुढं झालीस. त्यांच्या हातातला कप काढून घेतलास आणि आपला बशीवाला त्यांच्यापुढं ठेवलास. "पाव्हनीच्या कपात इख घालायची हिची छाती न्हाई," असं म्हणून तो कान तुटका कप घटाघट रिकामा केलास. तुझ्या हिशेबानं विषाचा कप ताईंच्या वाट्याला गेला होता. त्या तो शांतपणे प्यायल्या आणि म्हणाल्या, "चहा छान झालाय." काकूचं तोंड मी अजून विसरले नाही. पुढं तो तुटका कप तू कोणाला देऊच दिला नाहीस, स्वतःसाठी ठेवून घेतलास. आपल्या घरात कोणा शहाण्यानं जे केलं नव्हतं ते तुझ्या संशयानं केलं, आणि त्या दिवशी मला तुझा अभिमान वाटला. तोंडानं कधी बोलले नाही, आज बोलते.

मग ताईंनी विचारायला घेतलं. पाणी कोण भरतं? काकू म्हणाली, मी. स्वैपाक? मीच. धुणं? "मीच की, दुसरं कोन हाय?" औषधपाणी? "हिचा मालक आनतो नगरवरनं." आणि शोभा काय करते? "ती काय करती! बसून असती पुस्तक घिऊन." काकू खोटं बोलत नव्हती. पाणी, स्वैपाक, धुणं, यात मी कुठंच नव्हते. ताईंच्या मापात मी काही सापडले नाही, आणि मला हायसं वाटलं.

त्या उठायला लागल्या. नेमकी तेव्हाच तू माठाकडं जायला उठलीस, आणि मी पुस्तकातून डोकं न काढता एक पाय चौकटीत आडवा टाकला. तू पाणी पिऊन जागेवर बसलीस, मी पाय आखडून घेतला. ताई पुन्हा खाली बसल्या.

"शोभा, पाय का लांब केलास?"

"मुंग्या आल्या होत्या."

"आणि परत का घेतलास?"

"गेल्या."

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मैत्रिणीच्या घरी शेवटची कधी गेली होतीस?"

मी म्हटलं, "मला मैत्रिणी नाहीत. कोणावर विश्वास बसत नाही."

तिथून त्या येतच राहिल्या. आमचं भांडण लागायचं ते मोजण्यावरून. त्या म्हणायच्या, बसणं हेसुद्धा काम आहे शोभा, सगळ्यात दमवणारं. ते मोजलं नाही तर कोणाला दिसायचं नाही. मी म्हटलं, "दिसायला काय झालं? घराला दारच नाही. सगळ्या गावाला दिसतंय." मग मी विचारलं, मोजून देणार काय? "ते मला माहीत नाही," म्हणाल्या. एवढं खरं बोलणाऱ्या बाईचा मला जास्तच संशय आला.

आणि एका दुपारी त्यांनी मला सोडून तुलाच विचारलं. मी चौकटीत, तोंड रस्त्याकडे आणि कान घरात. ताई म्हणाल्या, "या घरात कोण कोणाची काळजी घेतं?"

तू म्हणालीस, "मी घेती की. हिची."

"शोभाची?"

"मग! वयात आल्याली पोर उंबऱ्यात बसती दिसभर. घराला दार न्हाई. येनारा-जानारा बघतो. बापाला दुकान, जावंला तिची पोरं. म्या उठून गेले अन् कोन आलं तर? म्हनून म्या कुटं जात न्हाई. डोळ्याला डोळा लावत न्हाई."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. खेळ सोडला, मैत्रिणी सोडल्या, निम्मी शाळा सोडली ती मी. आणि राखण तू करतेस? मी तिथल्या तिथं वळून म्हटलं, "आई, मी इथं तुला अडवायला बसते. तुला."

तू माझ्याकडं असं बघितलंस, जणू खुळी मीच आहे. म्हणालीस, "मला? मला कशापायी अडवायचं? म्या कुटं चाललेय?"

ताईंनी पेनाला टोपण लावलं. जाताना माझ्यापाशी थांबून हळूच म्हणाल्या, "काळजी घेणारीच्या रकान्यात दोघींची नावं कशी लिहू गं? तशी जागाच ठेवलेली नाही." मी म्हटलं, तिचं मनावर घेऊ नका. तू मागं बसून पदराला गाठ मारत होतीस.

त्याच वर्षी तू पळालीस, असं गाव म्हणतं. दहावीचे पेपर सोनईला होते. मी गेले की माझ्या जागी काकूनं बसायचं असं ठरलं होतं. बीजगणिताचा पेपर चालू असताना खिडकीबाहेरून आवाज आला, "शोभेऽ, पानी कुनाच्या हातचं पिऊ नगं!" अख्खा वर्ग हसला. पाणी वाटणारा शिपाई हातात पेला धरून तसाच उभा राहिला. तू खिडकीचे गज धरून उभी, अनवाणी, पायांना फुफाटा. मास्तरांनी हटकलं तशी भिंतीच्या सावलीला जाऊन बसलीस, पण हलली नाहीस. पेपर सुटेपर्यंत मला डोळ्याच्या कोपऱ्यातून तुझ्या डोक्यावरचा पदर खिडकीच्या खालच्या काठाला दिसत होता. लाजेनं माझी मान वर होत नव्हती, आणि खरं सांगायचं तर त्यामुळंच गणितं सुटली.

नाना कोणाचा तरी टेम्पो घेऊन धावत आले. "पळाली गं तुझी आय. काकूचा डोळा चुकवून पळाली." गावभर तेच झालं, की शोभी उंबऱ्यात नसली तर ती पळते. मीही तेच धरून चालले. पळणारं माणूस सरळ पोरीच्या परीक्षेच्या खिडकीशी येऊन बसत नाही, हे माझ्यासारख्या संशयी पोरीच्याही डोक्यात आलं नाही. टेम्पोत बसल्यावर तू पदराची गाठ सोडलीस. आत भाकरी होती, आख्खी, कोरसुद्धा मोडलेली नाही. "आदी तू खा." मला वाटलं, झालं, इथंही विष तपासायला आणलंय मला. मी तोंड फिरवलं. घर येईपर्यंत तू ती भाकरी दोन्ही हातांत धरून बसून होतीस.

बारावीनंतर आपण दोघी नगरला आलो. तुझ्या औषधांसाठी, असं नाना म्हणाले. मला वाटतं दुकानासाठी. चोरी होत नाही असं गिऱ्हाइकांना सांगताना मागून तुझा आवाज नको होता त्यांना. मी दिल्लीगेटजवळ एका एसटीडी बूथवर बसायला लागले आणि तू काचेच्या आत माझ्याशेजारी स्टुलावर. गिऱ्हाईक नंबर फिरवायला लागलं की तू त्याच्याकडं अशी रोखून बघायचीस की माणूस बोलणं आवरतं घ्यायचा. मालक म्हणायचा, तुझ्या आईमुळं धंदा बसतोय. पण नगरातल्या बूथवर बसणाऱ्या बाकीच्या मुली जे काय सांगायच्या, रेंगाळणारे, खिदळणारे, उगाच सुटे मागणारे, त्यातलं माझ्या वाट्याला काही आलं नाही. तेव्हा मला वाटायचं, माझं नशीब.

खोलीला दार होतं. चांगली लोखंडी कडी. मला वाटलं, सुटले एकदाची. पहिल्याच दिवशी कडी लावली आणि स्टोव्ह पेटवायला बसले. तू उठलीस आणि कडी काढलीस. "दार लावल्यावर भाईर कोन उभं हाय ते कसं कळायचं?" आणि दार सताड उघडं टाकून तू उंबऱ्यात जाऊन बसलीस. पाठ एका चौकटीला, तळवे दुसऱ्या चौकटीला. मी आत भाकरी थापत होते आणि मला वाटत होतं, आता ही मला कोंडते.

नगरात अशी बरीच वर्षं गेल्यावर तुझं पोटाचं दुखणं यंदा निघालं, आणि निघालं ते फार पुढं गेल्यावर. शेवटी शेवटी तोंडानं काहीच द्यायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं, नुसतं सलाईन. मी खाटेशेजारी बसून असायचे. बसण्याचा सराव दांडगा. एक दिवस संघमित्राताई डबा घेऊन आल्या, माझ्यासाठी. केस पांढरे झालेत त्यांचे. त्यांनी झाकण काढलं आणि मेथीचा वास आला. तुला मान वळवायचं त्राण नव्हतं. तरी तुझी बोटं हलली, आधी डब्याकडं, मग माझ्याकडं. ओठ हलले. ताईंना वाटलं तुला भूक लागलीय. मी म्हटलं, "नाही हो, मला आधी चाखायला सांगतेय. तिची जुनी खोड."

ताई म्हणाल्या, "पण त्या तर खाणारच नाहीत. मग चाखायचं कशाला?"

मी जेवले. तू माझ्या गळ्याकडं बघत होतीस, घास उतरतोय का. डबा पुसून घेतला तेव्हा तुझे डोळे मिटले. दुसऱ्या दिवशी दुपारी तू गेलीस.

तेव्हापासून ताईंचा तो प्रश्न मला सोडत नाही. घाटावर उन्हात उभी राहून मी तोच चघळत होते. मला संशय आला, सवयीनं हात आपसूक हलला असेल. मग दुसरा संशय आला, आणि तो मला आजवर कसा आला नाही याचं नवल वाटलं. आपल्या घरात पंगत कशी बसायची, आई? आधी पुरुष. मग काकूची मुलं. मग म्हातारी माणसं. मग बायका. आणि मुली सगळ्यात शेवटी, तवा थंड झाल्यावर, भांडं खरवडून. काकूच्या मुली ते खाऊनच वाढल्या. त्या घरात तव्यावरची पहिली, गरम, फुगलेली भाकरी रोज कोण खात होतं? मी. माझे चुलतभाऊ कुरकुरायचे, "शोभीला का आदी?" आणि काकू म्हणायची, "जाऊ द्या, तिची आय खुळी हाय."

तू खरंच खुळी होतीस का गं? की पोरीला आधी जेवू घालायला त्या घरात दुसरी वाटच नव्हती? नाही, तू आजारी होतीस. पिठाच्या डब्याच्या गाठी मी या हातांनी सोडल्यात, तुझी भीती मी बघितलीय, ती कोणी सोंग म्हणून आणू शकत नाही. पण आजारी माणसाला आपली लेक उपाशी आहे एवढं कळू नये असं कोणत्या डॉक्टरानं सांगितलंय?

ताई घाटावर आल्या होत्या. सगळ्यांच्या मागं, पायरीच्या कडेला उभ्या. मी मघाशी त्यांना म्हटलं होतं, तुम्हाला हे पटत नसेल. "नाही पटत," त्या म्हणाल्या, "तुझ्यासाठी आले." तेवढ्या एकट्या बाईनं तुला काही कबूल केलं नव्हतं.

इकडं माणसांची चुळबुळ सुरू झाली. गुरुजी म्हणाले, फार वेळ झाला, दर्भाचा कावळा करून शिववून घेऊ. काकू म्हणाली, "थांबा, आजून काय तरी ऱ्हायलं आसंल तिच्या मनात." नाना माझ्याकडं बघून म्हणाले, "शोभे, तू बोल काय तरी. तुझंच ऐकल ती."

मी पुढं जाऊन पत्रावळीपाशी बसले. भाकरीचा तुकडा मोडला आणि चटणीला लावला.

"अगं ए, काय करतीस!" काकू ओरडली. "कावळ्याच्या आदी?" कावळा शिवेपर्यंत घरातलं कोणी घोटभर पाणी पीत नाही, आणि मी तर मेलेल्या माणसाच्या पानातला घास उचलला होता. नाना "शोभे, शोभे" करत पुढं आले आणि मध्येच थांबले. बाकीची माणसं चार पावलं मागं सरली, मला काहीतरी झालंय अशी.

मी घास तोंडात घातला. भाकरी वाळून कडक झाली होती, चावता चावेना. तुला दिसेल असा चावला. गिळला. घशात अडकला, पण पाणी मागितलं नाही, कोणाच्याच हातचं.

बाभळीवरून एक कावळा खाली उतरला. दोन उड्या मारत पत्रावळीच्या काठापर्यंत आला, मान वाकडी करून माझ्या गळ्याकडं बघितलं, आणि पिंडाला शिवला.

काकूनं हात जोडले. नाना तिथंच पायरीवर बसून रडायला लागले. गर्दी मागं सरली म्हणून तो उतरला असेल, हा संशय माझ्या मनात आहे आणि राहील. पण तो उडून गेला नाही, आई. तिथंच उभा राहून माझ्याकडं बघत होता, म्हणून मी दुसरा घास मोडला.